रकाना क्रमांक सात

हेरवाडे क्लार्कनं फॉर्म पुढं सारला:
"सही करा बाई, शासनाला जाग आलीया.
पोरींना शिकवताय त्याचं आता मानधन.
तासाला नव्वद. मार्चनंतर मिळंल.
कुठल्या मार्चनंतर, ते तेवढं इचारू नका."

नाव: रत्नमाला शांतवन सातपुते.
पद: परिचारिका, मेडिकल वॉर्ड, एकोणीस वर्षं.
प्रशिक्षणार्थी: तस्लीम नायकवडी,
आणि पाडळीची ती दुसरी, जिचं नाव
मला अजून पाठ नाही, फक्त हात पाठ आहेत.
सुई धरताना करंगळी आत दुमडते तिची.

रकाना सात: शिकवण्यात गेलेले एकूण तास.

पेन थांबलं.

सोमवारी तस्लीमनं एका म्हाताऱ्याची शीर
तीनदा हुकवली.
गुऱ्हाळावरचा गुळव्या तो,
आयुष्यभर उकळत्या काहिलीपाशी उभा राहिलेला.
"घे पोरी, हाय की अजून दुसरा हात," म्हणाला.
मी तिच्या बोटावर बोट ठेवलं.
डोळ्यांनी नको शोधू.
दोरीसारखी कडक लागते, ती सोड.
ताजा पाव दाबावा तशी
जी दबून पुन्हा वर येते, तिथं थांब.

चार मिनिटं गेली फार तर.
त्या चार मिनिटांत
चौदा नंबरची लघवीची पिशवी काठोकाठ,
सोळा नंबरच्या लेकीनं सगळ्या वॉर्डासमोर मला झापलं,
आणि डबा जसा आणला तसा घरी गेला.
ते कुठल्या रकान्यात?

पैसे नकोत असं मी म्हणणार नाही.
ज्यांना परवडतं त्यांनी म्हणावं.
माझा डावा गुडघा दर महिन्याला
डॉक्टरांपेक्षा जास्त फी घेतो.

पण मला शिकवलं त्या जमदाडे सिस्टर
पगाराच्या रात्री आम्हा तिघींना
गंगावेशीत कट्ट्यावर न्यायच्या.
म्हैस समोर, धार समोर,
पितळी पेला ओठापर्यंत फेसाळलेला.
पैसे त्यांचेच.
आता कळतं,
त्यांचं मानधन आम्हीच पिऊन बसलो.

खाली एक ओळ होती: सूचना असल्यास.
मी लिहिलं,
ज्या दिवशी पोरगी सोबत असेल
त्या दिवशी मला चार खाटा कमी द्या.
हेरवाडे हसले. वाईट हसले नाहीत.
"खाटा शासनाच्या हातात न्हाईत बाई,
पैसेच हाईत."

फॉर्म ॲप्रनच्या खिशात चार दिवस.

गुरुवारी पहाटे साडेतीनला
मी पोटॅशियमची बाटली लावायला हात वर केला
आणि तस्लीमनं माझं मनगट धरलं.
"सिस्टर, हे बारा नंबरचं."
बारा नंबरचंच होतं.
मी अकरापाशी उभी.
आम्ही दोघी काही बोललो नाही.
पंखा तेवढा करकरत होता.

नंतर टेबलाशी बसून हिशेब केला.
तासाला नव्वद, म्हणजे दोन सेकंदांचे पाच पैसे.
एवढं मी तिचं देणं लागते.
पाच पैशांचं नाणं आता चालत नाही.

शनिवारी गुळव्या घरी निघाला.
नातवानं ढेपेचा तुकडा आणला होता कागदात गुंडाळून.
म्हाताऱ्यानं तो मला नाही दिला,
एकोणीस वर्षं गेली माझी या वॉर्डात,
सरळ तस्लीमच्या हातावर ठेवला.
"तीनदा टोचलीस, चौथ्यांदा न्हाई."
तिनं दाताखाली मोडून
अर्धा माझ्या तोंडात कोंबला,
रुग्णांसमोर, नियम धाब्यावर बसवून.

दुपारी मी रकाना सातमध्ये बासष्ट लिहिलं,
मनात येईल तो आकडा,
आणि खाली सही केली.

हेरवाडेंनी कागद उजेडात धरला.
आकड्यावर गुळाचं बोट उमटलेलं,
मुंग्या लागतील असं.

"हे चालायचं न्हाई बाई," म्हणाले,
"दुसरा भरा."