बोल्या

अक्षर येत होतं म्हणून मला माग मिळाला नाही.
दिंडोरीच्या कचेरीत ज्या हातानं खोटं खत लिहिलं
त्याच हातात साहेबानं कागद दिला, चौकटी-चौकटींचा:
वाच.

नाशिकचा तुरुंग. कौलारू लांब पडवी.
मागापुढे फळीवर आठ कैदी,
मागामागे मी, उभा.
ताण्याच्या फटींतून त्यांची फक्त बोटं दिसायची.

"पाच शेंदरी."
"हो."
"दोन निळे, एक पांढरा."
"हो."
"पुन्हा पाच."
"हो."

तीन वर्षं मी गालिच्याची पाठच पाहिली.

फुलं इराणातली. आमच्यातल्या एकानंही
ती कधी हुंगलेली नव्हती.
भिवा सणगर, सिन्नरकडचा,
राखीव रानात मेंढ्या घातल्या म्हणून आत आलेला,
म्हणायचा, लोकरीला गाठ मारायची नसते हो,
ती आपण होऊन धरते एकमेकीला.
घोंगडीत गाठ लागली तर गिऱ्हाईक तोंडावर फेकतं.
इथं गाठी मोजून भाकरी.

शिकवायला हिदायत. तोही कैदीच.
त्याच्या बापाचे चार माग होते,
अंगणात आलाचे, मंजिष्ठाचे रांजण.
मग तुरुंगातले गालिचे बाजारात आले,
बिनमजुरीचे, डब्यातल्या विलायती जांभळ्या रंगाचे,
निम्म्या भावात.
माग जळणाला गेले. मग कर्ज, मग सावकाराच्या दारात मारामारी,
आणि आता तो त्याच मालाचा उस्ताद.
हे सांगताना हसायचा,
आणि साखळीला बांधलेली सुरी
अंगठ्यावर घासून बघायचा.

एका पावसात पडवी गळली.
कागदाचा खालचा कोपरा लगदा झाला.
साहेब पुण्याला. मागणी लंडनची, तारीख ठरलेली.
हिदायत म्हणाला, बोल काहीतरी,
हात रिकामे दिसायला नकोत.

मी डोळे मिटले आणि दिसलं ते बोलत गेलो:
रामशेजचा कडा, दिंडोरीच्या वाटेवरून दिसतो तसा,
चार काळे, तीन काळे, सात काळे सपाट,
खाली कुणाची तरी हरभऱ्याची पट्टी, हिरवी,
बांधावर एक शेंदरी.

"हे काय?" भिवानं पलीकडून विचारलं.
"दगड. शेंदूर लावलेला."
थोडा वेळ बोटं थांबली.
"हो," तो म्हणाला. "आहे तिथं."

साहेब आला. भिंग लावून बसला.
डोंगराला त्याच्या भाषेत चूक म्हणत असावेत.

विणायला दीड दिवस लागला होता,
उकलायला चार.
कापून चालणार नव्हतं, लोकर वजनाला लागायची.
आणि उकलायलाही बोल्या लागतो.
मी खालून वर, उलटा वाचत गेलो:
एक शेंदरी काढा.
हरभरा काढा.
सात काळे. तीन काळे. चार.
कुणी हो म्हणत नव्हतं.

प्रत्येकाच्या सुटीतले नऊ दिवस कापले.
भिवाचे सहाच उरले होते, ते पंधरा झाले.
त्या पंधरात त्याच्या मेंढ्या लिलावात गेल्या.
हे त्यानं मला कधी ऐकवलं नाही. हिदायतकडून कळलं.

गालिचा आता कुठल्याशा जिन्याखाली असेल.
डोंगर होता तिथं फूल आहे.
पालथा करून हात फिरवला तर
तेवढ्या जागी ताणा जरा सैल लागेल.
पण गालिचा पालथा कोण करतं.

मी कोर्टाबाहेर अर्ज लिहितो, पानाला दोन आणे.
बायको सांगते, मी झोपेत आकडे बोलतो.
आधी घाबरायची. आता कूस न बदलता
"हो" म्हणते.

काल रात्री म्हणे मी "दोन निळे" म्हणालो
आणि मग गप्पच.
ती पहाटेपर्यंत जागी होती,
पुढचा रंग कोणता म्हणून.