शिल्लक: निरंक

एकतीस मार्च. टेमगिरे क्लार्क
दुपारपासून तिसऱ्यांदा चहा नको म्हणालेत,
म्हणजे आकडे जुळत नाहीयेत.
मी उपयोगिता प्रमाणपत्र भरते आहे, तीन प्रतींत.
बाहेर सेव्हन लव्हज चौकातला सिग्नल
सुटतो, अडकतो, सुटतो.

पैसे दिल्लीहून आले होते.
येतानाच परतीचं तिकीट काढून आले होते,
पण दारात आलेल्या पाहुण्याला
कोणी विचारतं का, मुक्काम किती?
शाळा कुलपात होती त्या काळात
मुलं जे जे विसरली
ते परत आणायला दोन वर्षांची मुदत.
जीआरमध्ये ‘केवळ’ हा शब्द दोनदा होता.
मी एकदाच वाचला.

त्या पैशांत आल्या तरन्नुम बागवान,
कोंढव्याहून स्कूटीवर,
डिकीत वाळूचे डबे.
वर्ग रिकामा नव्हता म्हणून जिन्याखाली
चौथीची बावीस मुलं घेऊन बसल्या
आणि क पासून निघाल्या.
वाळूत बोटानं गिरवायचं, हलवायचं, पुसायचं.
चुकलं तर कोणाला दिसत नाही,
हे मुलांना फार आवडलं.
वाळूसाठी खात्यात रकाना नव्हता.
मी लिहिलं, ‘शैक्षणिक साहित्य, इतर’.

जानेवारीत महापालिकेत गेले.
तिसरा मजला. साहेब चांगले होते,
खुर्ची दिली, पंखा वाढवला.
केंद्राचं संपलं, राज्याकडे विचारा.
राज्याकडे विचारलं होतं, ते म्हणतात महापालिकेकडे विचारा.
मग साहेब हसले,
‘मॅडम, लेखाशीर्षच नाही.
शीर्षच नाही तर टोपी कुणाला घालू?’
मीही हसले. विनोद चांगला होता.
जिना उतरताना लक्षात आलं
की टोपी घरी घेऊन चाललेय मीच.

प्रज्वल ओव्हाळ
रस्त्यातलं दिसेल ते वाचत शाळेत येतो.
पंक्चर सोडून देतो, टायर वाचतो.
स्वतःचं नाव अजून सुटं लिहितो, परजवल,
जोडाक्षरं एप्रिलमध्ये होती ना.
काल फाटकाशी उभा राहून
त्यानं आमची पाटी वाचली,
पुणे महानगरपालिका, एका दमात,
रुंद, गुळगुळीत रस्त्यावरून गेल्यासारखी.
मग खालच्या ओळीत अडला.
‘मधलं येत नाही. बाई म्हणाल्या, ते सगळ्यात शेवटी असतं.’
मधलं गाळून त्यानं वाचलं:
शि… ण.
शीण विभाग.

मी त्याला दुरुस्त केलं नाही.
का नाही, ते मला अजून कळलेलं नाही.
कदाचित बोर्डवरचं
पहिल्यांदाच कोणीतरी बरोबर वाचलं होतं.
कदाचित मी दमले होते.

तरन्नुमबाईंनी शेवटच्या दिवशी
भाषण, गुच्छ, फोटो, काही करू दिलं नाही.
डबे ठेवून गेल्या. ‘तिकडे नेऊन करू काय?’
तिकडे म्हणजे भावाचं दुकान, गादीचे कापड.

रकाना सात: निधी ज्या कारणासाठी मिळाला
त्याच कारणासाठी खर्च झाला काय?
होय.
रकाना आठ: अखर्चित शिल्लक.
निरंक.
हेही खरंच आहे. पै न पै जुळली आत्ताच,
टेमगिरेंनी चहा मागवलाय.

‘मॅडम, ते वाळूचे डबे
डेडस्टॉकला चढवू?’
नको.
‘मग?’
सोमवारी लागतील.
‘शिकवणार कोण?’
मला गणिताच्या तासाची जुनी सवय,
तोंडातून निघून जातं,
क्ष मानू.

टेमगिरे हसत नाहीत. पॅड पुढे सरकवतात.
तीन सह्या, तीन शिक्के.
शाई वाळत आलीये पॅडवरची,
तिसरा फार पुसट उठला.