वाकसवडे : माहिती भरून द्यावी

सीमा: उत्तरेला भोगावती.
दक्षिणेला डोंगर; तो कोर्टात आहे.

इतिहास: वेशीजवळ एक वीरगळ.
खाली गाई आणि तो पडलेला,
मध्ये अप्सरा नेताहेत त्याला, वर पिंड.
नाव कोरलेलं नाही.
सुताराची यसाबाई त्यावर गोधड्या आपटायची,
अप्सरांना नाकं उरली नाहीत.

प्रेक्षणीय स्थळे: बंधारा.
बरगे काढतात त्या दिवशी
पोरं शाळा बुडवून आवाज ऐकायला जातात.
शाळेच्या भिंतीवर पुराची निळी रेघ.
तिच्याहून हातभर वर गेरूची दुसरी;
ती हिंदुराव मास्तरांनी
पुढच्यासाठी मारून ठेवली.

लोकसंख्या विचारलीत.
कागदावर बाराशे चार.
खरी, कोल्हापूरहून मुक्कामी यष्टी आली
की मोजून सांगतो.
रकाना तेवढा मोकळा ठेवा.