जाळी

डॉक्टरने कागदावर नळी काढली, नळीत जाळी.
म्हटलं, समजलं साहेब,
एकतीस वर्षं पंचायत समितीचे हातपंपच खोलतो मी.
तो हसला नाही.
पंचफुला पदर तोंडाशी धरून बसली होती,
थुंकीसुद्धा उतरत नव्हती तिची.

जाळी बसली, दुसऱ्या दिवशी ती पाणी प्याली.
अख्खा गिलास. आवाज करत.
मेडिकलच्या वॉर्डातल्या बाया उठून पाहत राहिल्या.

घरी खाटेच्या उशाकडच्या खुरांखाली विटा.
आडवी झाली की पोटातलं आंबट थेट गळ्यात,
मधलं दार आता उघडंच असतं म्हणे.
पेज. गाळलेलं वरण. वर सोडा, घोट-घोट,
जाळी धुवायला.
"काका, रोज सोडा?" दुकानातला पोऱ्या डोळा मारतो.
मारू दे.

तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल घेऊन दारात आली
आणि तिने माझ्या पाठीमागे भरड्याचा वडा खाल्ला.
नखाएवढा, म्हणते.
सांजेपर्यंत न्हाणीत बादलीपाशी बसून होती.
भिवापूर ते नागपूर, तीच बादली मांडीवर.
दुर्बिणीने काढला तुकडा.
"काय दिलं होतं यांना?"
वडा. मीच दिला, मी म्हटलं.
परतताना ती म्हणाली, "काऊन खोटं बोलले जी तुमी?"
मी खिडकीबाहेर पाहत होतो. उमरेड आलं नव्हतं अजून.

दिवाळीनंतर पुन्हा तेच.
या वेळी काही खाल्लं नव्हतं, मी पाहत होतो.
फोटोत जाळी दिसली, खाली पोटात,
घसरून आडवी पडलेली.
मांढळच्या बोअरमध्ये असाच पाइप निसटला होता
माझ्या हातून. दोन दिवस गळ टाकून चाचपत राहिलो,
तिसऱ्या दिवशी झाकण ठोकलं, वर चुन्याची फुली.
हे डॉक्टरला सांगितलं नाही.
म्हटलं, दुसरी बसवा.

ही नवी छातीत टोचते, खोकली की जास्त.
मिरचीच्या सातऱ्यावर जाणं सुटलं तिचं,
पण मुकादम पोतं घरीच टाकून जातो,
ओसरीत बसून देठ खुडते, बोटं पेटलेली.
काल म्हणाली,
"एक जिभेवर ठेवू द्या नं. गिळत नाई, तुमची आन."
मी पाण्याचा तांब्या आणायला उठलो
आणि रांजणापाशी
मुद्दाम वेळ लावला.