काशाची वाटी

भंगारवाल्याच्या टेंपोतून चारही माग गेले
त्या रात्री वडगावातल्या आमच्या घरात
एवढी शांतता झाली
की ह्यांना झोप लागेना.

तीस वर्षं खटाखटाटात घोरलेला माणूस.
पाळणा त्याच आवाजात हलवला आम्ही,
भांडणंसुद्धा ओठ वाचून केली.
आता रात्री दोनला उठून बसतात,
विचारतात, "काय वाजूलालंय गं?"
काही नाही, म्हणते मी.
तेच वाजत असतं.

मग सुरू झाले इलाज.

गंगव्वा गडग्यावरून वाकली,
"चिंती माडब्याडरी," म्हणाली
आणि एक जायफळ माझ्या मुठीत कोंबलं.
सहाणेवर दुधात सात वळसे. आठवा नको.
आठवा झाला तर?
तर उद्या दुपारी उठतील.
मी नऊ घातले.
दोनला उठून बसले.

रविवारी खासबागच्या बाजारात
खानापूरकडचा एक काटकुळा म्हातारा
गोणपाटावर मुळ्या मांडून बसलेला.
त्यानं वाळा दिला, ब्राह्मीची जुडी दिली,
चाळीस रुपये मोजून घेतले, मग म्हणाला,
"झोप गेली म्हणूलालीस, पण विकलात काय?"
मी सांगितलं.
त्यानं अजून एक जुडी पिशवीत टाकली.
तिचे पैसे घेतले नाहीत.

वैजयंता बेंगळुरूहून फोनवर:
रात्रीचा चहा बंद, श्वास मोजायचे,
चारपर्यंत आत, सहापर्यंत बाहेर.
हे मोजत गेले.
मोजता मोजता श्वासांचे वार झाले,
वारांचा भाव झाला,
आणि भाव निघाल्यावर कुणाला झोप येते?

गवती चहा झाला. धन्याचं पाणी झालं.
उशाखाली वाळ्याची पुरचुंडी,
सगळ्या खोलीला नव्या माठाचा वास.
ब्राह्मीच्या तेलानं अभ्र्यावर नकाशे उमटले.
ह्यांनी सगळं केलं, शहाण्या पोरासारखं,
एका शब्दानं कुरकुर नाही.
तेच मला बघवेना.

एका संध्याकाळी डब्यांच्या मागं,
रिकाम्या कांड्यांच्या टोपलीखाली
माझ्या लग्नातली काशाची वाटी सापडली.
तळव्यांना तूप लावलं आणि फिरवत बसले,
आधी डावा, मग उजवा.
तूप काळं होत बोटांवर उतरलं.
"उष्णता निघूलालीय," हे म्हणाले.
निघू दे की.

हात थकला की आपली जुनी चाल धरतो.
वीस वर्षं रहाटावर कांड्या भरल्या मी:
एक लांब फेरा, दोन आखूड,
सूत तुटलं की थांबायचं,
बोट ओलं करायचं, गाठ मारायची, परत फेरा.
वाटी तशीच फिरू लागली.
मध्येच एकदा थांबलीही,
नसलेल्या गाठीसाठी.
वर पाहिलं तर हे घोरत होते.

सकाळी गल्लीभर झालं.
ह्यांनी श्रेय जायफळाला दिलं.
गंगव्वा "नान हेळिद्दे, नान हेळिद्दे" करत
चार घरं फिरून आली.
वैजयंताला वाटलं, श्वास.
मी वाटी राखेनं घासली
आणि उन्हात पालथी घातली.

आता रात्री मीच जरा वेळ जागी असते.
पांघरुणाखाली ह्यांचा उजवा पाय हलतो,
दाबतो, सोडतो, दाबतो.
पोरवयात बापाच्या खड्ड्याच्या मागावर बसायचे,
गल्लीत वीज यायच्या आधी.
तीच पावडी असणार.
कुणाचं लुगडं लावलंय, काठ कुठला,
अंधारात काही दिसत नाही.
सकाळी विचारीन,
किती वार झालं.