पट्टी

बत्तीस वर्षं मी पुलाच्या खांबावरची पट्टी वाचली.
विश्वामित्रीचं पाणी, फुटात आणि इंचात,
पावसाळ्यात तासातासाला,
रात्री टॉर्च मारून. कधी मगरीचे डोळे चमकायचे,
ते नोंदवहीत लिहायचे नसतात.

आता नलूची पट्टी वाचतो.
दांडिया बाजारातल्या लॅबचा कागद.
क्रिएटिनिन एक पूर्णांक सहा,
शेजारी वर तोंड केलेला काळा बाण.
त्या बाणाने रात्रभर डोळा लागू दिला नाही.

पहाटे जुने कागद काढले.
मार्चमध्ये एक पूर्णांक एक. ऑगस्टमध्ये दोन.
समासात पेन्सिलीने फरक मांडले,
हाताला सवय.
खालचा दुसरा आकडा मात्र वरचा चढला की उतरतो,
हे उमगायला चहाचे तीन कप गेले.

त्रिवेदी डॉक्टरीणबाईंनी कागद पालथा ठेवला.
"काका, एका नोंदीवर भोंगा वाजवायचात का?"
नाही. आधी वर पाऊस किती झाला ते विचारायचो.
"मग विचारा की."

नलू पदराची किनार बघत बसली.
मग म्हणाली, तुळशीच्या लग्नात जेवले,
तीन दिवस जुलाब. पाणी पोटात ठरत नव्हतं.
आणि गुडघ्याची गोळी,
विहीणबाईंनी दिलेली, सकाळ-संध्याकाळ.
किती झाल्या?
दीड पत्ता.

आजव्याला इंचभर पाणी वाढलं
तरी मला इकडे खबर असायची.
स्वयंपाकघरातला डबा आठ पावलांवर.

"गोळी बंद. पाणी प्या.
पंधरा दिवसांनी फरी करावजो, त्याच लॅबमध्ये."

एक पूर्णांक तीन.
"उतरलं ना?" नलूने विचारलं.
उतरलं, म्हटलं.
पूर ओसरला की भिंतीवर ओलीची रेघ राहायची,
आम्ही तिच्यावर चुना ओढून तारीख घालायचो,
पुढच्या वेळी कुठून मोजायचं ते कळावं म्हणून.
हे तिला सांगितलं नाही.

जुनी कोरी नोंदवही निघाली एक, खात्याची.
तारीख घातली. आकडा लिहिला.
पुढची ओळ मार्चसाठी रिकामी.
शेरा: गोळ्या बंद, स्वभाव तोच.

संध्याकाळी पाहतो तर खाली
तिच्या तिरक्या अक्षरात:
नोंद घेणाऱ्याचंही रक्त
एकदा तपासून घ्यावं.