अकरा सेकंद

वखारभागातल्या जिन्यावरून हळदीचा वास
आमच्या टर्मिनलपर्यंत चढतो.

बाबगोंडा आप्पा खुर्ची ओढतात,
माझ्या हातावर टॉवेल टाकतात,
खालून दोन बोटं दाबतात :
दोनशे. विकून टाक.

चाळीस वर्षं सौद्यात
त्यांचा भाव असाच ठरला
आणि फिरला नाही.

आप्पा, नवा नियम आलाय.
ऑर्डर तोंडानं द्यायची, रेकॉर्ड व्हायला पाहिजे,
नाहीतर तपासणीत मी अडकतो.

ते फोनकडे बघतात,
मधे येऊन बसलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं.
खाकरतात.
टॉवेल झटकून खांद्यावर घेतात.

आजच्या फाइलमध्ये अकरा सेकंद :
एक खोकला, खाली हमालाची हाक,
जिन्यावर चपला.

रकान्यात मी लिहितो : आदेश नाही.
पानावर अंगठा
पिवळा उमटतो.